कोल्हापूरच्या एसटीतल्या काकू आणि कंडक्टर, आभार

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी उरल्यासुरल्या लोकरीच्या कानटोप्या आणि जोडी न जुळणारे हातमोजे क्रोशाने विणते. परवा कोल्हापूरच्या एसटीत पिशवीचा बंद तुटला. लोकरीचे गुंडे सीटांखाली पळाले, अर्धवट टोपी उसवू लागली, सुई गायब! कंडक्टर ओरडले, "पाय वर घ्या!" अख्ख्या गाडीने घेतले. शेजारच्या काकूंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून सुटलेला टाका त्यात अडकवला आणि टोपी वाचवली. खांबांची (क्रोशाच्या उंच टाक्यांची) ओळ मोजूनही दिली. कराडला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरांनी मोबाइलच्या उजेडात, चहा सोडून, सुई शोधली. हातमोजे वाटून झाले. एक जांभळा, एक पिवळा, त्यावरून भांडणंही झाली! तुमची नावं विचारायची राहिली. दोघांचे मनापासून आभार.