‘डू’ सोडून दे

सदाशिव पेठ, पुणे
२२ जानेवारी

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचलं आणि हातात पेन्सिल घेऊनच बसलो. मँचेस्टरच्या ऑफिसात तू "वी डू वारी एव्हरी इयर" म्हणालास आणि समोरच्याला ती पावसाळी सहल वाटली! चूक त्याची नाही रे. वाक्यात वारी आलीच नव्हती.

"इट डेट्स बॅक टू १६८५" असं म्हणायचंस. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सुरू केली ते हे साल. त्याला जोडून "इट हॅज बीन हँडेड डाउन फ्रॉम जनरेशन टू जनरेशन" म्हण. ‘ट्रॅडिशन’ हा शब्द मुळात लॅटिन, सुपूर्द करणे या अर्थाचा. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या दाराशी आजोबांच्या खांद्यावर बसलेलं पोर टाळ वाजवताना तू नि मी पाहिलंय. ‘हँडेड डाउन’ म्हणजे तेच. आजोबांच्या हातातले टाळ त्या पोराच्या हातात आलेले.

उपासालाही ‘डू’ लावू नकोस. "माय मदर ऑब्झर्व्ह्ज अ फास्ट." आपण पाळतो म्हणतो, ते ‘ऑब्झर्व्ह’मध्ये नेमकं उतरतं. उपासावरून आठवलं, "व्हेन इन रोम" हे आपलं ‘देश तसा वेश’ उपासाच्या पेचातूनच आलंय. रोममध्ये शनिवारी उपास करत, मिलानमध्ये करत नसत. ख्रिस्ती संत ऑगस्टीनच्या आईला प्रश्न पडला, आपण काय करावं? मिलानचे बिशप अँब्रोज म्हणाले, रोमला गेलो की मी शनिवारी उपास करतो, इथे असलो की नाही करत. चतुर्थीला परगावी पाहुणी गेलेल्या आपल्या कुठल्याही मावशीला हा पेच लगेच कळेल.

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. मागच्या आठवड्यात क्लासमध्ये संक्रांतीवर वाक्यं लिहायला दिली होती. एका हुशार मुलीनं लिहिलं, "इट इज कस्टमरी टू इन्व्हाइट ओन्ली मॅरिड विमेन." व्याकरणात एकही चूक नाही. बरोबरची खूण करायला पेन टेकवलं आणि हात थांबला.

तुला आमचं जुनं घर आठवतं. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. आई तिळगूळ घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "असं करतात," एवढंच म्हणाली. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. कोण करतात, हे विचारायचं सुचलं नाही. ‘इट इज कस्टमरी’ आणि ‘असं करतात’, दोन्ही वाक्यांत करणारा माणूस सापडतच नाही. आईला दारातून परत पाठवणारीला मात्र चेहरा होता, नावही होतं.

मग फळ्यावर मी शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधलं वाक्य लिहिलं, "मोअर ऑनर्ड इन द ब्रीच दॅन द ऑब्झर्व्हन्स." हल्ली लोक ते क्वचितच पाळल्या जाणाऱ्या नियमाबद्दल वापरतात. मूळ अर्थ त्याहून जबर आहे. राजाच्या मद्यपानाच्या रिवाजाबद्दल हॅम्लेट म्हणतो, ही रीत पाळण्यापेक्षा मोडण्यातच जास्त मान आहे. मुलांना म्हटलं, याला आपल्याकडचं उदाहरण द्या. एकानं धोंडो केशव कर्वे यांचं नाव घेतलं. १८९३ मध्ये याच पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं. "ही ब्रोक विथ ट्रॅडिशन." त्या मुलीनं कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड सांगितलं. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. "द व्हिलेज डिड अवे विथ द कस्टम." ‘डू’ इथे शोभतं बघ, ‘अवे विथ’ला धरून! मग वही मागून घेऊन तिनं आपलं वाक्य खोडलं नाही, फक्त ‘इज’चं ‘वॉज’ केलं.

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. रविवारी मात्र सकाळीच म्हणाली, "संध्याकाळी बायका येतील, गूळ किसून ठेव." नऊजणी आल्या. चौघी तिच्यासारख्याच. आईनं सगळ्यांना कुंकू लावलं, वाण दिलं, आणि शेवटी कपाळ पुढे करून म्हणाली, "आता मला कोण लावतंय?" दोघी एकदम उठल्या.

रथसप्तमीपर्यंत तुझ्या आजीच्या चैत्रगौरीवर चार इंग्रजी वाक्यं लिहून पाठव. आंब्याची डाळ विसरू नकोस. आणि प्रत्येक वाक्यात करणारी बाई दिसू दे.

तुझा,
श्री