रेशमासाठीच्या लिक्विडने रेशमी पदर कुजवला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
उत्पादन आणि ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘रेशीम व लोकरीसाठी सुरक्षित’ म्हणून विकलेल्या लिक्विडमुळे झालेलं नुकसान आणि ग्राहक सेवेकडून मिळालेली वागणूक

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. त्या नंबरवर यापुढे बोलण्यात काही अर्थ नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे. रेशीम कशाचं बनतं, लोकर कशाची बनते आणि प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, त्यांचं काय करतं, हे तुम्हाला समजावत बसणार नाही. लिक्विड तुम्ही बनवता, प्रयोगशाळा तुमची आहे. तुम्हाला हे माहीत नसणं शक्यच नाही, आणि माझा राग नेमका त्याचाच आहे.

नाजूक कपड्यांच्या लिक्विडचा फॉर्म्युला तुम्ही बदललात. त्यात एन्झाइम घातलंत. आणि बाटलीवरचं रेशमी साडीचं आणि लोकरीच्या गुंड्याचं चित्र मात्र तसंच ठेवलंत.

जुन्या बाटलीवर मागे स्वच्छ लिहिलेलं असायचं : सौम्य, न्यूट्रल, एन्झाइमविरहित. नव्या बाटलीवर पुढे पट्टा आहे, ‘आता डागांवर अधिक असरदार’. ‘स्टेन फायटिंग एन्झाइम्स’ हे शब्द मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत इतक्या बारीक टायपात. ‘एन्झाइमविरहित’ हा शब्द गुपचूप गाळलेला. पुढे मात्र ठळक अक्षरांत ‘रेशीम, लोकर व नाजूक कपड्यांसाठी सुरक्षित’. वापरायची कृती काय, तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. प्रोटिएजला काम करायला कोमट पाणी आणि वेळ याच दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्ही तुम्हीच ग्राहकाला द्यायला सांगता.

आता नुकसानीबद्दल. माझ्या सासूबाईंची नऊवारी इरकल आहे, १९५८ साली त्यांच्या लग्नात घेतलेली. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी. इरकलीचा खास लाल टोपतेणी पदर, त्यावर पांढऱ्या रेशमाची कंगव्याच्या दात्यांसारखी नक्षी. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. विणकर दोन्हींचे फास एकमेकांत अडकवून ते जोडतो, त्याला कोंडी म्हणतात. ही कोंडी लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

ही साडी आमच्या घरात कधीच ड्रायक्लीनिंगला गेली नाही. सासूबाई रिठ्याच्या पाण्यात धूत. बिया काढून टरफलं रात्री भिजत घालायची, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यायचं, त्यात साडी नुसती बुचकळायची. चोळायची नाही, पिळायची नाही. जुन्या पंच्यात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवी पसरायची, दोरीवर टांगायची नाही, कारण ओलं रेशीम कमजोर असतं आणि पाण्याच्या वजनानेच ताणलं जातं. मीही तसंच करत आले. रिठ्याची पिवळसर झाक फिक्या रंगांवर उतरते, म्हणून पुढे तुमचं लिक्विड वापरायला लागले. आणि ते चांगलं होतं, हे मोकळेपणाने लिहिते. जुन्या बाटलीने या साडीला कधी इजा केली नाही. माझ्या सांगण्यावरून आमच्या भिशीतल्या बायकांनी, गल्लीतल्या निम्म्या घरांनी ते घेतलं. आपापल्या आईच्या, आजीच्या साड्या त्यांनी माझ्या शब्दावर त्यात बुडवल्या आहेत. त्यांना आता मी काय सांगू?

नवी बाटली आल्यापासून ही साडी मोजक्याच वेळा धुतली गेली, हळदीकुंकवाला आणि गौरींना नेसल्यानंतर. पहिल्या धुण्यानंतर पदराची चमक उतरली. नंतर हात फिरवला की खरखर लागायला लागली. गेल्या महिन्यात घडी उलगडताना पदर घडीच्या रेषेवर उसवत गेला. तिथे बोट टेकवलं तरी धागे पिंजल्यासारखे सुटतात. काठाचीही तीच सुरुवात आहे. आणि पदराचं कुजणं कुठे थांबतं? बरोबर कोंडीवर. कोंडीच्या एका बाजूला रेशीम कुजलेलं, दुसऱ्या बाजूला सूत ठणठणीत. तीच साडी, तेच वय, तीच बादली, तेच पाणी, तेच हात. सुताला प्रोटिएज हात लावत नाही, रेशमाला लावतं. याहून स्पष्ट पुरावा तुमच्या प्रयोगशाळेलाही मांडता येणार नाही.

तरीही मी खात्री करून घेतली. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे. एन्झाइम अनेक प्रकारचे असतात. अमायलेज पिठाच्या डागावर चालतं, लायपेज तेलावर, आणि त्यांचं रेशमाशी वैर नाही. प्रश्न प्रोटिएजचा आहे. डिजिटल यायच्या आधीची एक एक्स-रे फिल्म घरात पडून होती. तिच्यावरचा काळा थर म्हणजे जिलेटिनमध्ये धरलेली चांदी, आणि जिलेटिन हे रेशमासारखंच प्रथिन. फिल्मचे तुकडे कापून एक रिठ्याच्या पाण्यात, एक जुन्या बाटलीत उरलेल्या लिक्विडच्या पाण्यात आणि एक नव्या लिक्विडच्या पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी पहिले दोन तुकडे काळेच. तिसऱ्या पेल्यातलं पाणी राखाडी गढूळ, तळाला काळा गाळ, आणि फिल्म निळसर पारदर्शक, पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतकी. पीएच पट्टीही लावली : जुनं लिक्विड ७ च्या आसपास, म्हणजे न्यूट्रल, नवं ९ च्या जवळ, म्हणजे अल्कधर्मी. ज्या लिक्विडने एका रात्रीत फिल्मवरचं जिलेटिन उतरवलं, ते तुम्ही रेशमी साडीचं चित्र लावून विकता.

आता फोनबद्दल. आधीच्या फोनांचं सोडून देते. तक्रार नोंदवली आहे, आम्ही कळवू, एवढंच उत्तर. आजचा फोन मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण तुमच्या नावाने काय बोललं जातं ते तुम्हाला कळायला हवं.

फोन घेणाऱ्या मुलाने सगळं ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, साडी किती जुनी आहे?” मी वर्ष सांगितलं. तो म्हणाला, “मग मॅडम, तिची लाइफच संपली असेल ना.” मी कोंडीबद्दल सांगितलं, की त्याच वयाचं सूत शाबूत आहे. त्यावर, “मॅडम, कदाचित ते प्युअर सिल्क नसेल.” मी सांगितलं, पदराच्या दशीतला धागा जाळून पाहिला आहे. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटाने चुरली गेली. रेयॉन असता तर कागदासारखा भुरुभुरु जळला असता. तो गप्प झाला. मग मी सरळ विचारलं, “तुमच्या नव्या लिक्विडमध्ये प्रोटिएज आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.” उत्तर आलं, “मॅडम, आमच्या प्रॉडक्टमध्ये कुठलंही केमिकल नाहीये.”

कुठलंही केमिकल नाही! मग मी पैसे मोजून काय घेतलं, नळाचं पाणी? आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे वाक्य ऐकवलं जातं आणि ते तुमच्या कंपनीच्या नावाने ऐकवलं जातं.

मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं. बराच वेळ ट्यून वाजली आणि एक बाई आल्या. माझं म्हणणं त्यांनी अर्ध्यावर तोडलं. “आजी, एवढी महागाची आणि जुनी साडी तुम्ही घरी धुतलीच कशाला? ड्रायक्लीनिंगला द्यायची ना.” मी म्हटलं, तुमच्या बाटलीवर रेशमी साडीचं चित्र आहे, ते घरी धुण्यासाठीच आहे ना? “आजी, ते चित्र फक्त रिप्रेझेंटेशनसाठी असतं.” फॉर्म्युला? “तो कॉन्फिडेन्शियल आहे.” मग आवाज गोड करून, “तुम्ही असं करा आजी, नवीन इरकल घ्या, आता ऑनलाइन खूप छान मिळतात. आमच्याकडून तुम्हाला पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांचं कूपन पाठवते.”

मी कुणाची आजी आहे ते माझी नातवंडं ठरवतील. तक्रार करणाऱ्या बाईचं वय आवाजावरून ओळखायचं, तिला आजी म्हणायचं आणि मग तिचं ऐकायचं सोडून द्यायचं, ही तुमच्याकडची शिकवण आहे का? आणि कूपन कशाचं, तर त्याच लिक्विडचं. पुढची साडीही त्यातच बुडवा म्हणून.

ड्रायक्लीनिंगचा सल्ला तर मला फारच लागला. तुमचा सगळा धंदा ‘घरी धुवा’ यावर उभा आहे आणि नुकसान झालं की तुमचीच माणसं म्हणतात घरी का धुतली. साडीवर तेल सांडलं असतं तर मी दुकानात दिली असती. घाम आणि मीठ मुळात पाण्यात विरघळतात, सॉल्व्हंटमध्ये नीट निघत नाहीत. ड्रायक्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं पर्क्लोरोइथिलीन माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात, म्हणजे २ए मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टाकलेलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ड्रायक्लीनिंगमधून ते दहा वर्षांत हद्दपार करायचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये काढला. आमच्याकडच्या छोट्या दुकानांत पेट्रोल वॉश करतात, साडीचा वास कपाटात महिनाभर राहतो. जुनं रेशीम घरी, थंड पाण्यात, न्यूट्रल साबणाने धुणं हा वेडेपणा नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तसंच शालू-पैठण्या सांभाळल्या आहेत. चूक धुण्याच्या पद्धतीत नाही, बाटलीत आहे.

आणि जुनं म्हणून गेलं असं पुन्हा कुणी म्हणणार असेल तर सांगते : मागच्या थंडीत घेतलेली नवी लोकरीची शालही याच लिक्विडमध्ये धुतली होती. तीही विरळ पडली आहे, उजेडात धरली की दिसतं. तिची लाइफ संपली म्हणायची का?

मला काय हवं ते लिहिते. नव्या फॉर्म्युल्यात प्रोटिएज आहे की नाही, याचं लेखी उत्तर. बाजारात असलेल्या मालावरून रेशीम आणि लोकरीचा दावा काढून टाकणं, किंवा ‘रेशीम व लोकरीसाठी वापरू नये’ असा पुढच्या बाजूला वाचता येईल असा इशारा. ज्यांनी जुन्या विश्वासावर नवी बाटली घेतली त्यांना जाहीरपणे कळवणं. रफूगाराकडून पदर जितका सावरता येईल तितका सावरण्याचा खर्च आणि शालीची किंमत. साडीची किंमत मी मागत नाही, ती तुम्ही देऊ शकत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मी वाचला आहे. दिशाभूल करणारी जाहिरात कलम २(२८) मध्ये आहे, उत्पादकाची जबाबदारी कलम ८४ मध्ये, आणि त्यात पुरेशा सूचना आणि इशारा न देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी राहते त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, वकील लागत नाही, आणि माझ्या दाव्याला फीसुद्धा नाही. मला वेळच वेळ आहे. तिन्ही पेल्यांचे फोटो आयोगापुढे ठेवीन, आणि हवं तर तोच प्रयोग तिथे करून दाखवीन.

तुमचं लिक्विड वर्षानुवर्षं मी शब्द देऊन दुसऱ्यांच्या घरी पोचवलं. डागांवर जास्त चालणारं वेगळं लिक्विड काढायचं होतं तर वेगळ्या नावाने काढायचं होतं, सुती कपड्यांचं चित्र लावून. तुम्ही फॉर्म्युला बदललात आणि चित्र तसंच ठेवलंत. हे मी पुन्हा लिहिते आहे, कारण फोनवर कुणी ऐकलं नाही.

दोन्ही बाटल्यांच्या लेबलांचे फोटो, बॅच नंबर, पावती आणि कोंडीजवळून घेतलेले पदराचे फोटो सोबत जोडले आहेत. पदराचा तुकडा कापून पाठवणार नाही. तपासायचा असेल तर तुमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगलीला यावं, मी दाखवीन. फोन करू नये. उत्तर लेखी हवं, आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि सही हवी.

एक ग्राहक,
सांगली