मागूरचं बी गावात रुजवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

आज १० जुलै, राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांना मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी द्यायला लावली. नदीतून बी, म्हणजे माशांची पिल्लं, गाळून आणण्यावर अवलंबून असलेला धंदा त्या दिवसापासून बदलला. त्यांचं नाव आज सगळीकडे घेतलं जातं आणि ते घ्यायलाच हवं. पण ती विद्या आमच्या गावापर्यंत ज्या हातांनी आली ते हात तुमचे आहेत, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडत नाही. पंचक्रोशीतल्या कुणालाही ते विचारावं लागणार नाही.

आम्ही पूर्व विदर्भातल्या, ढिवर या मासेमार समाजातल्या बाया. आमच्याकडे पुरुषांनी मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकायचं आणि बायांनी टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासे विकायचे. बीज कुठून येतं, कसं वाढतं, यात आम्हाला कुणी विचारत नसे. म्हणून आमच्या बायांच्या गटाने जेव्हा एक बोडी, म्हणजे छोटं तळं, घेऊन त्यात मागूर मासे वाढवायचं ठरवलं, तेव्हा ‘बायांना हे झेपायचं नाही’ असं तोंडावर सांगणारे बरेच होते. तुम्ही मात्र एकच विचारलं होतंत, “रात्री कोण जागणार?” आम्ही सगळ्यांनी हात वर केले. त्यानंतर तुम्ही बाकी काही विचारलं नाही.

मागूरच का, हेही सांगते, कारण हे पत्र आमच्या भागाबाहेरही कुणी वाचेल. मागूर गढूळ, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तगतो, हवेतून श्वास घेतो. त्यामुळे ओल्या टोपलीत तो बाजारापर्यंत जिवंत जातो आणि जिवंत माशाला भाव चांगला मिळतो. आमच्या आज्या सांगायच्या, पहिला पाऊस पडला की मागूर तलावातून धानाच्या बांधीत चढायचा, धुऱ्यालगतच्या, म्हणजे शेताच्या बांधालगतच्या, बिळात अंडी द्यायचा आणि नर त्या अंड्यांची राखण करायचा. आता बांधीत तणनाशक आणि फवारणी आली, धुरे खरवडले गेले. मागूरचं नाव धोक्यातल्या जातींच्या यादीत गेलं. बांधीत आपसूक मिळणारं बी संपलं, म्हणून व्यापाऱ्याचं बी घेणं आलं. आणि तिथेच फसवणूक होते.

आम्हाला देशी म्हणून जे बी विकलं गेलं होतं ते थाई मागूरचं निघालं. नाव थाई असलं तरी मासा मूळचा आफ्रिकेचा, भराभर वाढणारा, तलावातलं बाकी सगळं खाणारा, आणि आपल्या देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. तुम्ही त्यातला एक मोठा झालेला मासा हातात धरून डोक्याची मागची बाजू दाखवलीत. देशी मागूरच्या कवटीचं हाड मागे व्ही अक्षरासारखं टोकदार असतं, याचं डब्ल्यूसारखं. बोटभर पिल्लात हे ओळखणं कठीण, म्हणून बी स्वतःच काढायला शिका, असं तुम्ही म्हणालात. रागावला नाहीत, ‘मी सांगितलं होतं’ असंही म्हणाला नाहीत. तो मासा एकही तलावात जाऊ दिला नाहीत एवढंच.

मग त्या पावसाळ्यात तुम्ही सायकलवर येऊन आम्हाला जे दिलंत ते कुठल्याही प्रशिक्षणाच्या कागदात आम्हाला सापडलं नव्हतं. मादी पोटाने फुगलेली, तिच्या जननद्वाराचा उंचवटा गोल, नराचा लांबट आणि टोकदार, हे बोटाने चाचपून दाखवलंत. संध्याकाळी मादीला ओव्हाप्रिम या अंडी द्यायला लावणाऱ्या औषधाचं इंजेक्शन, सकाळी पोट हलकं दाबून अंडी काढायची. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा हे औषध नव्हतं. बाजारात कापलेल्या माशांची डोकी गोळा करून त्यातून पियूषिका ग्रंथी काढायच्या, अल्कोहोलमध्ये जपायच्या, वाटून अर्क करायचा. हे सगळं तुम्ही रात्री अंगणात बसून सांगायचा आणि आमच्या पोरी अभ्यास सोडून ऐकत बसायच्या.

मागूरच्या नराचं पोट दाबून मिल्ट, म्हणजे नराचं वीर्य, निघत नाही. रोहू-कटल्याला ते जमतं, याला नाही. नराचा जीव घ्यावाच लागतो, वृषण काढून ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात कुस्करावं लागतं. मासे कापण्यात आमचं आयुष्य गेलं, तरी त्या सकाळी आमच्यातल्या दोघींचे हात थांबले होते. तुम्ही सुरी स्वतः घेतलीत आणि म्हणालात, “याचा जीव गेला, तर एक अंडंही आळसाने वाया जाऊ द्यायचं नाही.” आजही कुणाला टबावर जागायचा कंटाळा आला की दुसरी तुमचं हे वाक्य म्हणते.

अंडी आणि मिल्ट पिसाने हलकेच एकत्र करायचं, टबात पातळ थर पसरायचा, पाण्याची बारीक धार चालू ठेवायची. पांढरी पडलेली अंडी मेलेली, ती वेचून काढली नाहीत तर बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते. साधारण एका दिवसात पिल्लं फुटतात. तीन दिवस ती पोटाच्या पिशवीतल्या अन्नावर जगतात. खरी परीक्षा त्यानंतर. त्यांच्या इवल्या तोंडात मावेल असं जिवंत खाद्य हवं, आणि आर्टेमिया या विकतच्या खाद्याचा डबा आम्हाला परवडणारा नव्हता. तुम्ही शेणखताच्या खड्ड्यात पाणी हिरवं करून त्यातले बारीक जीव कापडाने गाळायला शिकवलंत आणि जोडीला अंड्याचं कस्टर्ड वाफवून चाळणीतून घासून द्यायला. उरलेलं खाद्य नळीने ओढून काढायचं, नाहीतर सकाळपर्यंत पाणी नासलं म्हणून समजा. लहानमोठी पिल्लं वेगळी करायची, कारण मोठी धाकट्यांना गिळतात.

पाणी मात्र वीतभरही नको, असं तुम्ही बजावलं होतंत. चार बोटं पाणी बघून आमचा जीव घाबरा व्हायचा. पिल्लांना हवेतून श्वास घेणारं अंग जन्मतः नसतं, ते दहा-बारा दिवसांनी काम करू लागतं. तोवर पाण्यातल्या ऑक्सिजनवरच सारा भार, म्हणून हवेचा पंप बंद पडता कामा नये. आणि ते अंग तयार झालं की पिल्लाला घोट घ्यायला पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. पाणी खोल असेल तर एवढा जीव त्या येण्याजाण्यातच थकून मरतो. ज्या पहाटे पहिली पिल्लं वर येऊन हवा घेऊ लागली, त्या पहाटे तुम्ही टबाजवळून उठलात, टोपी झटकलीत आणि “आता ही तुमची” एवढं बोलून चहा मागितलात. काका, वीज गेली की हाताने पाणी ढवळत काढलेल्या सगळ्या रात्रींचं मोल आम्हाला तेव्हा मिळालं.

आता आमच्या बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, शेजारच्या गावांतल्या बोड्यांत जातात. विकत घेणाऱ्याला आम्ही आमच्या प्रजनक माशांची डोकी दाखवतो, तुम्ही दाखवली होतीत तशीच. मच्छीमार संस्थेच्या सभेत बीजाचा विषय निघाला की पुरुष आमच्याकडे वळून बघतात. तुम्ही यासाठी एक पैसा घेतला नाहीत, पेट्रोलचे पैसे देऊ केले तर सायकल दाखवलीत. निवृत्त माणसाने घरी बसून आराम केला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं.

गुडघ्याचं दुखणं वाढलंय असं तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. रोवणी आटोपली की आम्ही दोघीतिघी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येऊ. पलीकडच्या गावच्या बायांना यंदा बी काढायला शिकायचं आहे. सगळी कामं आम्ही करू, तुम्ही फक्त खुर्चीवर बसून आमचं काय चुकतंय ते सांगा.

तुमच्या,
गटातल्या सगळ्या बाया