नोकरी अर्धवेळ केली आहे

मँचेस्टर

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते, म्हणून लिहितेय. नोकरी अर्धवेळ करून घेतली आहे. सह्याही झाल्या. सोडलेली नाही, आई! उरलेला वेळ बँडला. भाडं, किराणा, तुमच्याकडे यायचं तिकीट, सगळं त्या पगारात बसतं. इथे कायम राहायची परवानगी आहे, त्यामुळे व्हिसाचीही काळजी नाही. डबा रोज घरून नेते. आणि विजूमामाचं उदाहरण काढू नकोस. तो एकटा होता गं.

बाबा, तुम्ही मोबाइलवर इथल्या बँडबद्दल शोधाल आणि जॉय डिव्हिजनच्या गायकाचं वाचून रात्रभर जागाल. त्याआधी माझ्याकडून ऐका. इयन कर्टिसला फिट्स यायच्या. त्यात कार्यक्रमांची जागरणं, जड औषधं, खचलेलं मन. अमेरिका दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० ला, त्याने आत्महत्या केली. अवघा २३ वर्षांचा. मी वेळेवर झोपते, आणि मन जड झालं तर तुम्हालाच पहिला फोन करेन, शप्पथ.

पण मला धरून ठेवतं ते त्यापुढचं. उरलेल्या तिघांनी जुनं नाव सोडून न्यू ऑर्डर सुरू केलं. गायला कुणी नव्हतं, तर गिटारवाला बर्नार्ड समनर गाऊ लागला. जिलियन गिल्बर्ट की-बोर्डवर आली. १९८१ चा त्यांचा पहिला अल्बम अजून जुन्याच घरात वावरतो. मग न्यूयॉर्कच्या क्लबांमधलं संगीत कानी पडलं, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन पुढे सरकले, आणि १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ आलं. तोच उदास आवाज, पण लोक त्यावर नाचायला लागले. एवढं हरवल्यावर तिथवर पोचणं मला फार मोठं वाटतं. आम्हीही आता गिटारकडून की-बोर्डकडे वळतोय, आणि की-बोर्ड माझ्याकडे आहे. नोकरीतून उरलेल्या रात्रींवर ते होत नव्हतं.

बाबा, माझा हात पुरायचा नाही तेव्हा पेटीचा भाता तुम्ही ओढायचात आणि मी नुसत्या पट्ट्या दाबायचे. सूर चुकला तरी तुम्ही थांबायचा नाहीत. तुमच्यामुळेच मी इथवर आलेय, हे रागावताना लक्षात ठेवा.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारा. आई, गुडघ्याला तेल चोळून भागणार नाही. या आठवड्यात एक्स-रे काढ आणि फोटो मला पाठव. गणपतीत येतेय, तेव्हा डॉक्टरांकडे मीच घेऊन जाणार आहे.

तुमची
मनू