प्लॉट ८ ची नोटीस आणि आपले सभासद रजिस्टर

दि. २६ मे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : प्लॉट क्र. ८ वर माजलेले रान आणि पालिकेची नोटीस

महोदय,

प्लॉट ८ च्या फाटकावर फेब्रुवारीत पालिकेची नोटीस डकवली गेली, त्याला तीन महिने झाले. आता ती वाचायची तर आधी मधुमालतीची वेल बाजूला करावी लागते. मी केली. नोटीस ज्यांच्या नावाने आहे त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. मागे राहिलेल्या काकूही चार वर्षांपूर्वी गेल्या. 'पंधरा दिवसांत जागा साफ करावी' असे फाटकावर लिहिले आहे, आणि ते वाचायला त्या घरात कुणी नाही.

यात पालिकेला बोल लावण्यात अर्थ नाही. कराच्या बिलावर जे नाव, तेच नोटिशीवर आले. ते नाव अजून तेच का, याचे उत्तर मात्र आपल्या ऑफिसातल्या कपाटात आहे, म्हणून हे पत्र.

मी प्लॉट ९ मध्ये राहतो, त्यामुळे रान किती माजले आहे ते मला गच्चीवरून रोज दिसते. मागच्या बाजूला घाणेरी छातीपर्यंत आली आहे, तिच्यात एरंड आणि सुबाभूळ. जमिनीखालच्या टाकीचे झाकण गेल्या पावसात आत कोसळले. तेव्हापासून ती उघडीच आहे. डेंग्यूचा डास गटारात नाही, असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. ऑक्टोबरमध्ये माझी सून सहा दिवस हॉस्पिटलात होती. डास त्याच टाकीतला होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण खिडकीपासून टाकी वीस पावलांवर आहे. घुशींनी आमच्या बाजूची फरशी पोखरली आहे. धामण दोनदा दिसली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, घुशींचा बंदोबस्त निदान ती तरी करते आहे.

खरी भीती भिंतीची वाटते. रस्त्याकडच्या दगडी भिंतीत पिंपळाने मूळ धरले आहे आणि भिंत मधोमध फुगली आहे. रोज सकाळी सात वाजता मुले शाळेच्या रिक्षासाठी तिलाच टेकून उभी राहतात. ही बाब नुसत्या रान माजलेल्या जागेच्या कलमाची, म्हणजे कलम ३७७ ची, नाही. धोकादायक बांधकामासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ३५४ वेगळे आहे, आणि त्याखाली पालिकेच्या विभाग कार्यालयाला पत्र देण्यासाठी समितीने वार्षिक सभेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मागच्या महिन्यात मी हा विषय काढला तेव्हा दोन उत्तरे मिळाली. एक, 'आपण काय करणार, ती खाजगी जागा आहे.' दुसरे, 'आधी थकबाकी येऊ दे, मग पुढचे बोलू.'

पहिल्या उत्तराबद्दल. आपली प्लॉटवाली सोसायटी आहे. मालमत्ता पत्रक काढून पाहावे, जमीन संस्थेच्या नावावर आहे, सभासदांकडे ती भाडेपट्ट्याने आहे. कलम ३७७ रान माजलेल्या, अस्वच्छ, शेजाऱ्यांना उपद्रव होणाऱ्या जागेबद्दल बोलते आणि नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला देता येते असे म्हणते. भोगवटादार उरला नाही, तर राहिले कोण? पुढची नोटीस आपल्या, म्हणजे अध्यक्षांच्या, नावाने आली तर मला आश्चर्य वाटणार नाही. शिवाय सांगूनही काम झाले नाही तर कलम ४८९ खाली पालिका ते स्वतः करून खर्च वसूल करू शकते. तो खर्च मेलेल्या माणसाकडून वसूल होत नसतो.

दुसऱ्या उत्तराने मला जास्त राग आला. काकूंनी नामनिर्देशनाचा अर्ज रीतसर भरून दिला होता, पोच मी स्वतः पाहिली आहे. त्यात भाचीचे नाव आहे. ती परदेशात असते. काकू गेल्यावर दोन महिन्यांत तिचे पत्र आले होते, ते 'थकबाकी भरल्याशिवाय विचार होणार नाही' असा शेरा मारून फाइलला लागले. तेव्हापासून आपण त्या खात्यावर २१ टक्के व्याज चढवतो आहोत आणि ताळेबंदात ते येणे म्हणून मोठ्या समाधानाने दाखवतो आहोत. बिल मात्र जाते त्याच बंद फाटकाच्या पत्रपेटीत, आणि तिथे आता मुंग्यांचे वारूळ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यात सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासद करून घेण्याची सोय आहे. वारसाहक्काचा निवाडा पुढे केव्हाही होवो, आज पत्र कोणाला पाठवायचे एवढा प्रश्न त्याने सुटतो. एका ई-मेलचे काम आपण चार वर्षे अडवून धरले. (बिल्डरशी बोलणी व्हायची म्हणून ते अडवले, अशी कुजबुज आहे. मी ती खरी मानत नाही. पण अशा कुजबुजीला जागा आपणच ठेवली.)

माझी विनंती अशी. या आठवड्यात भाचीला लिहावे, तिचा पत्ता आणि काकूंच्या मृत्यूची माहिती विभाग कार्यालयाला कळवावी, आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता संस्थेच्या खर्चाने टाकीवर झाकण बसवून झुडपे काढावीत. खर्च प्लॉट ८ च्या खात्यावर लिहावा. तोवर भिंतीजवळ दोरी बांधून मुलांना समोरच्या फुटपाथवर उभे करावे, त्याला तर ठरावही लागत नाही.

एका गोष्टीचा मात्र आग्रह आहे. काही सभासद 'जेसीबी घालून सगळे सपाट करा' म्हणतात, तसे करू नये. जांभूळ आणि दोन्ही आंबे १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली येतात, वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यांची फांदीही तोडता येणार नाही. साफसफाई माणसे लावून, कोयत्याने व्हावी. पाचोळा तिथेच जाळू नये. साप निघाला तर कुणी काठी उचलू नये, वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. विहिरीकडचा प्राजक्त काकूंनी लावलेला आहे, आणि आपल्या गणपतीला अजून त्याचीच फुले जातात. टाकळ्याबद्दल म्हणाल तर पहिल्या पावसानंतर आमच्यासकट निम्मी आळी भाजीसाठी तो कुंपणातून हात घालून खुडते, तेव्हा 'खाजगी जागा' कुणाला आठवत नाही.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो. म्हणजे हातात पंधरा दिवस आहेत, नोटिशीत होते तेवढेच.

फाटकाची एक चावी काकूंनी दवाखान्यात जाताना आमच्याकडे ठेवली होती. कुलूप गंजले आहे, पण परवा मी खोबरेल तेल घालून पाहिले, उघडते. माणसे कधी येणार ते आदल्या रात्री कळवावे, सकाळी सहानंतर मी घरीच असतो.

आपला,
सभासद, प्लॉट क्र. ९