रेअर अर्थच्या बातम्यांत यटर्बियम-१७६ कुठेय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेअर अर्थवर आपल्या पेपरात बरंच येतं, चीन, मॅग्नेट, इलेक्ट्रिक गाड्या वगैरे, मी सगळं वाचते पण यटर्बियमचं, म्हणजे त्यातल्याच एका धातूचं, नाव कधी दिसलं नाही म्हणून हे पत्र.

माझ्या आईला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (एक प्रकारचा कॅन्सर) आहे, लुटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाची थेरपी चालू आहे, आठ-आठ आठवड्यांनी एक असे चार डोस, प्रत्येकी २०० मिलिक्युरी. आधी किडनी सांभाळायला अमिनो ॲसिडचं सलाईन लावतात, त्याने तिला भयंकर मळमळतं, मग शिशाच्या डब्यातून इवलीशी बाटली येते, औषध चढतं आणि आम्ही सगळे बाहेर. दुसऱ्या वेळी औषध आलंच नाही. ती उपाशीपोटी, बॅग भरून तयार, आणि फोन आला की पुढच्या आठवड्यात या. मी डॉक्टरांना विचारलं, थोडा साठा का नाही करून ठेवत? तर म्हणाले, अहो साडेसहा दिवसांत निम्मं होतं ते, साठवायचं कसं?

मग मी वाचत सुटले. हे औषध ज्याच्यापासून बनतं ते यटर्बियम-१७६ मात्र स्थिर आहे, कपाटात कितीही वर्षं ठेवा काही होत नाही. अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन गिळला की १७७ होतं आणि काही तासांत त्याचंच लुटेशियम-१७७ बनतं, जे रसायनांनी वेगळं काढता येतं. अडचण अशी की निसर्गातल्या यटर्बियममध्ये १७६ जेमतेम १३ टक्के, बाकीचे सहा भाऊ गुणांनी अगदी तसेच, त्यामुळे नुसत्या वजनाच्या फरकावरून निवडायचं, ते फार किचकट काम आहे आणि जगाला हा माल कित्येक वर्षं मुख्यतः रशियाकडून मिळत आलाय.

आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये (अणुभट्टीत) लुटेशियम-१७६ पासून थेट लुटेशियम-१७७ बनवतात, मला त्याचा खरंच अभिमान वाटतो. पण त्या पद्धतीत न बदललेलं लुटेशियम औषधातच राहतं आणि सोबत थोडा १७७-एम, म्हणजे त्याचाच जास्त टिकणारा प्रकार, येतो, तो निम्मा व्हायलाच १६० दिवस, म्हणजे वॉर्डच्या सांडपाण्याची वेगळी काळजी.

तेव्हा विनंती एवढीच, तुमच्या विज्ञान प्रतिनिधीला हे शोधायला सांगा की देशात शुद्ध यटर्बियम-१७६ किती आहे, ते इथे वेगळं करायची तयारी कुठवर आलीय. खाणी आणि टनांचे आकडे छापता तसे या ग्रॅमांचेही छापा. आईचा तिसरा डोस पुढच्या महिन्यात आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली