बाबा, त्या कॅप्सूल बंद करा

शिझुओका, जपान

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, जेवते, झोपते, स्वेटरही घालते. वजन उतरलेलं नाही, फोनचा कॅमेराच तसा आहे.

बाबा, तुम्ही अख्ख्या इतवारीत सांगून राहिले म्हणे, पोरीनं पोटाचं औषध शोधलं! काहून हो? ग्रीन टीत ईजीसीजी नावाचं द्रव्य असतं. माणसाच्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या काको-२ पेशी आम्ही ताटलीत वाढवतो, त्यांना ते देतो आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं छळतो. बेतानं दिलं तर पेशी तग धरतात, कारण त्यांच्यातलं एनआरएफ-२ नावाचं, बचावाची यंत्रणा चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि ग्लुटाथिओनसारखं बचावाचं सामान वाढतं. रक्तात ईजीसीजी फार थोडं उतरतं, म्हणून आतड्यावरच आमचा डोळा. पण जास्त झालं की ताटलीत तेच पेरॉक्साइड तयार करतं. त्यात तुमच्या जळजळीचा इलाज कुठे आला? तुम्ही घेता त्या ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल बंद करा. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतलं तर यकृताला धोका होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलंय. रात्रीचं सावजी थांबवा, डॉक्टरांना दाखवा. मी तिथे असते तर स्वतः नेलं असतं.

इथे चहा उकळतच नाहीत बाप्पा. उकळतं पाणी आधी रिकाम्या कपांत ओततात, ७० अंशांपर्यंत निवू देतात, मग पानांवर घालतात. मिनिटभर सगळे गप्प. ओततानाही पहिल्या कपात थोडा, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात थोडा, मग उलटं परत, म्हणजे सगळ्यांना सारखाच कडक. शेवटचा थेंबसुद्धा झटकून घेतात. तीच पानं पुन्हा वापरतात. दूध नाही, साखर नाही, आलं तर विचारूच नका. एवढ्यात बर्डीवरचा टपरीवाला दहा गिऱ्हाईकं वाटेला लावेल. पाणी निववलं की कडूपणा कमी उतरतो. मी ज्याच्या मागे लागले, ते कडू ईजीसीजीच हे लोक पानात ठेवून देतात!

पैसे पाठवलेत. त्यातून कूलर घ्या, मंगल कार्यालयाच्या ॲडव्हान्सात घालू नका. तो मी वेगळा पाठवते, ताईला कळू देऊ नका. लग्नाला येतेच आहे, हळदीला मात्र सुट्टी मिळत नाहीये. तेवढा वेळ व्हिडिओ कॉल चालू ठेवा, मी काही बोलणार नाही. आत्यानं आणलेल्या स्थळाला 'पोरगी अजून शिकते आहे' एवढंच सांगा. मुलगा पुण्याचा असला तरी.

तुमची,
छोटी